एकोणतीसचा पाढा

ओजस कानडेला प्रोग्रॅमिंग येत होतं, आणि तेच त्याच्या आड आलं.

पाचव्यांदा तो आकलन केंद्रातून बाहेर पडला तेव्हा देवयानी समोरच्या रसवंतीत त्याची वाट बघत बसली होती. निकाल विचारायची गरज नव्हती. हिरवा दिवा लागलेली पोरं केंद्राच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन लावतात. पिवळा लागलेली आधी खाली बसून बुटाची लेस बांधतात. ओजस बराच वेळ लेस बांधत होता.

"पिवळा," तो समोर येऊन बसला. "तिसऱ्या पानावर चूक होती गं. त्यांच्या प्रश्नातच. मी तिथंच अडकून पडलो."

"मग सोडून पुढं जायचं ना."

"दिसल्यावर कसं सोडायचं?"

देवयानीने कपाळाला हात लावला. त्याच सकाळी तिला तिसरा दाखला मिळाला होता, आणि ती त्या पानावरून सुखरूप पुढे गेली होती. तिला कुठलीच चूक दिसली नव्हती.

त्या काळात प्रोग्रॅम माणसं लिहीत नव्हती. यंत्रं लिहायची, आणि माणसाला वर्षभर लागलं असतं ते जेवणाच्या सुट्टीत संपवायची. पण यंत्राला तुरुंगात टाकता येत नाही, ही कायद्याची जुनी अडचण. म्हणून कायदा झाला: ज्या प्रोग्रॅमवर कुणाचा जीव अवलंबून आहे, तो एका दाखलेधारी माणसाने ओळ न् ओळ वाचून, समजून घेऊन त्यावर सही केली पाहिजे. प्रोग्रॅमरची नोकरी म्हणजे आता वाचायची आणि सही करायची नोकरी. जाहिरातीत तुम्हाला काय येतं हे कुणी विचारत नव्हतं. दाखले किती, एवढंच विचारत होते.

पूर्वीचे दाखले कागदी होते आणि ते कुणीही कुठूनही आणायचं. एकेकाच्या भिंतीवर दुकानाच्या पाट्यांसारखे टांगलेले असायचे आणि कामाला बसवलं की साहेब घामाघूम. त्यावर तोडगा म्हणून पट्टी आली. कपाळाला बांधायची, चार बोटं रुंदीची, आतून गार लागणारी. तिच्यामागचं शास्त्र अगदी खरं होतं. आपला मेंदू वाचताना गप्प बसत नाही, पुढे काय येणार याचा सारखा अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की मेंदूत एक बारीकशी लहर उठते, पायरी चुकल्यावर पोटात गोळा यावा तशी. समजत असलं की अंदाज बरोबर येतात, लहरी विरत जातात, मेंदू शांत होतो. पट्टी ती शांतता मोजायची. शांत मेंदूला हिरवा दिवा, लहरी उठणाऱ्याला पिवळा; दाखल्याच्या परीक्षेलाही आणि पुढे प्रत्येक सहीलाही. हजारो विद्यार्थ्यांवर चाचण्या झाल्या, सगळ्या बिनचूक. फक्त त्या चाचण्यांना दिलेले प्रोग्रॅमही बिनचूक होते. जो प्रोग्रॅम मुळात चुकलेला आहे, तो खरोखर समजणाऱ्याच्या मेंदूत काय होईल, हे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ओजसचा मेंदू एक ओळ वाचताना पुढच्या तीन शक्यता धरून बसायचा आणि तिन्हींवर शंका घ्यायचा. पट्टीच्या लेखी तो ढ होता.

आणि देवयानी हुशार होती. ती कशी हुशार झाली, हे लातुरात तिच्या वडिलांना आणि त्यांच्या क्लासच्या पोरांनाच ठाऊक होतं.

भास्कर आळंगे म्हणजे अण्णा, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांनी सरावासाठी एक जुनी पट्टी मिळवली होती आणि पहिला प्रयोग स्वतःच्या लेकीवर चालवला होता. महिनाभर पिवळाच. मग एका दुपारी देवयानी कंटाळली, डोळे पडद्यावरच्या ओळींवरून फिरवत राहिली, आणि दिवा हिरवा झाला. पाच मिनिटं हिरवाच राहिला.

"काय करायलीस तू?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. मनात एकोणतीसचा पाढा म्हणायले."

दुसऱ्या कुणी बापाने कानाखाली दिली असती. अण्णांनी उठून वर्गाचं दार लावून घेतलं.

त्यांनी आठवडाभर पडताळून बघितलं. लहानपणी घोकलेल्या पाढ्यात मेंदूला कुठे धक्का बसत नाही. पुढची पायरी आधीच ठरलेली असते, अंदाज चुकायचा प्रश्नच येत नाही. एक ओळ, पाढ्याची एक पायरी. डोळे ओळीवर, मन पाढ्यावर. पट्टीला दिसायची निखळ शांतता. दोनाचा-तिनाचा पाढा चालत नसे, तो म्हणता म्हणता मन भटकायचं. एकोणतीसचा नेमका होता: लक्ष धरून ठेवण्याइतका अवघड आणि हाडात मुरलेला. एवढंच की तो लहानपणी सगळ्यांनी मिळून घसा ताणून म्हटलेला असावा लागे. इंग्रजी शाळेतून आलेल्या पोरांना विसाव्या वर्षी पाठ करून काही उपयोग होईना. ज्या मराठी शाळांची पटसंख्या घटली म्हणून लोक नाकं मुरडत होते, त्याच शाळांची पोरं दणादण हिरवी होऊ लागली.

आळंगे सरांच्या क्लासला बसायला जागा उरली नाही. एका दालनात साठ पोरं पडद्याकडे बघत चिडीचूप बसलेली. बघणाऱ्याला वाटावं, काय ही एकाग्रता. कुणी ओठ हलवले तर सर लाकडी फूटपट्टीने टेबलावर टकटक करायचे. देवयानीची एक खोड मात्र त्यांना मोडता आली नाही. पाढा म्हणताना तिचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जायचा, लहानपणी मोजायची सवय होती तसा. "हात मांडीखाली घे," अण्णा सांगायचे. ती घ्यायची, पण अंगठा तिथेही चालायचाच.

देवयानीने सात दाखले मिळवले आणि ओजसशी लग्न केलं. सातव्या दाखल्यावर पुण्यातल्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. रुग्णाच्या नसेत औषध थेंबाथेंबाने सोडणारे पंप ही कंपनी बनवायची. ओजसला कुठेच कुणी उभं केलं नाही. तो घरी राहिला, स्वयंपाक करू लागला, आणि दोघांनी बोलून न ठरवता एक व्यवस्था बसवली. दुपारी देवयानी सहीला आलेला प्रोग्रॅम घरी उघडायची, ओजस भाजी निवडता निवडता तो वाचायचा आणि तिला समजावून सांगायचा. खोट दिसली की ती कंपनीत कळवायची, मग यंत्र दुरुस्त करून द्यायचं, आणि मगच ती पट्टी बांधून पाढा म्हणायची. कायद्याने बिनदाखल्याच्या माणसाला तो प्रोग्रॅम दाखवणंही गुन्हा होता. पण तीन वर्षांत तिच्या सहीचा एकही पंप चुकला नाही. कंपनीत तिचं नाव होतं. घरी ती ते नाव घेऊन यायची तेव्हा ओजस फोडणीकडे जरा जास्तच लक्ष द्यायचा.

"तुझं नाव कुठंच नाही येत," ती एकदा म्हणाली होती.

"माझं मीठ येतंय की रोज," तो म्हणाला, आणि हसला. ते हसणं तिला दिवसभर टोचत राहिलं.

मग पंपाची नवी आवृत्ती आली. सगळ्या सरकारी रुग्णालयांना एकदमच द्यायची होती. सहीला दोन दिवस होते.

रविवारी दुपारी ओजसने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि हातातली गवारीची शेंग तशीच धरून बसला.

"इथं बघ. वीज गेली की पंप बॅटरीवर जातो. किती औषध गेलं ते लिहून ठेवतो. वीज आली की तिथून पुढं मोजतो. बरोबर?"

"बरोबर."

"पण लिहून ठेवायला त्याला थोडा वेळ लागतो. त्याच्या आतच वीज आली आणि परत गेली तर? आपल्याकडं लाइट अशी सरळ जाते का कधी? जाते, येते, जाते, येते. मला वाटायलंय, तेव्हा तो मागचं विसरतो आणि डोस पहिल्यापासून सोडायला घेतो."

देवयानीने पडदा स्वतःकडे वळवला. "नक्की?"

इथे ओजसने नक्की म्हणायला हवं होतं. पण आयुष्यात त्याने तो शब्द कधी वापरला नव्हता, आणि पाच पिवळ्या दिव्यांनंतर तर तो त्याच्या तोंडातून कायमचाच गेला होता. "नक्की नाही. दुसरीकडं कुठंतरी ते सांभाळलेलं असंल. मला सापडत नाही. बघ तू."

सोमवारी तिने साहेबांना विचारलं. साहेब चांगला माणूस होता. चांगल्या माणसाला घाई असली की तो जास्त गोड बोलतो. "यंत्राने लाख चाचण्या घेतल्यात, मॅडम. तुमच्याकडे शंका आहे का चूक आहे? चूक असेल तर दाखवा, मी आत्ता थांबवतो. नुसती शंका असेल तर उद्या खुशाल पिवळा येऊ द्या. मग नियमाप्रमाणे दाखला गोठेल, फेरपरीक्षा होईल. तुमच्या जागी पुण्यात चारशे जण आहेत."

चूक दाखवायला तिला ती समजायला हवी होती. मंगळवारी सकाळी, सहीची नोंद सुरू व्हायच्या आधी, तिने पट्टी बांधली आणि पाढा न म्हणता प्रोग्रॅम वाचायला घेतला. सात दाखल्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच. सुरुवातीला अक्षरं नुसती पोहत होती. मग ओजसने दाखवलेल्या ओळींपाशी ती आली, आणि हळूहळू तिला दिसू लागलं. इथे लिहून ठेवतो. इथे वाट बघत नाही. इथे परत शून्यापासून. दुसरीकडे कुठे सांभाळलंय का म्हणून तिने पुढे-मागे शोधलं. नव्हतं. तिच्या पोटात गोळा आला.

दिवा पिवळा होता.

काचेपलीकडून साहेबांनी भुवया उंचावल्या. तिने उठून सांगायचं होतं, एवढंच. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: हे तुम्हाला आज कसं दिसलं, मॅडम, आणि तीन वर्षं कुणाला दिसत होतं? ओजस गुन्हेगार, अण्णा गुन्हेगार, क्लासमधून गेलेली सगळी पोरं रस्त्यावर. शिवाय तिला तरी नक्की कुठे होतं? लाख चाचण्या झाल्या होत्या. दिवा पिवळा म्हणत होता की तुला समजलेलं नाही. दिवा कधी चुकतो का?

एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक सोळोदरसे.

हिरवा.

संध्याकाळी ओजसने विचारलं, "काय झालं त्याचं?"

"बघितलं मी. आहे ते बरोबर आहे," ती म्हणाली. तिचा अंगठा पेरांवरून चालला होता. ओजसने तो बघितला, आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

वैशाखात एका तालुक्याच्या रुग्णालयात वादळाआधी वीज गेली, आली, गेली, आली. बाळंत झालेल्या शीतल चोपणेच्या उशाशी पंप लावलेला होता. रक्तदाब चढू नये म्हणून दिवसभरात द्यायचं औषध त्याने पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सोडलं. सिस्टरला वाटलं, पोरगी दमून झोपली आहे. ती पुन्हा उठलीच नाही. त्याच आठवड्यात आणखी दोन गावांतून तशाच बातम्या आल्या, आणि मग सगळ्या राज्यातले पंप बंद करून चौकशी समिती बसली.

अण्णा लातूरहून आले ते थेट मुद्द्यावर आले.

"मला समजलं नव्हतं, म्हणून सांग. यंत्राची चूक, मला दिसली नाही. पाढ्याचं नाव काढू नकोस."

"अण्णा, नोंदीत हिरवा आहे. हिरवा म्हणजे समजलेलं. समजून सही केली असाच त्याचा अर्थ लागतो."

"मग समजलं होतं पण चूक ध्यानात आली नाही म्हण. काहीबी म्हण. दोन हजार पोरं लागलीत गं नोकरीला. कुणी विमानाचं बघतंय, कुणी धरणाच्या दरवाजाचं."

बोलून झाल्यावर ते काय बोलले हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते पाण्याचा पेला घेऊन खिडकीशी जाऊन उभे राहिले. मास्तर म्हणून आयुष्यभर त्यांनी पोरांचं भलं केलं होतं, आणि हेही भलंच आहे अशी त्यांची खरीखुरी समजूत होती. देवयानीला त्यांचा राग यायला हवा होता. तिला नुसती त्यांच्या पाठीची दया आली.

ओजस स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "मी दिसल्यालं पक्कं सांगितलं असतं तर," तो म्हणाला. "आणि तुझा अंगठाबी बघितला होता मी त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला हिरवा आलाय. माझं काय."



समितीपुढे साक्ष पट्टी बांधून द्यायची होती. नव्या कायद्यात तशी सोयच होती: मेंदू शांत, तर बोलणं खरं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. मागच्या रांगेत अण्णा आणि ओजस. त्यांच्या पुढच्या रांगेत शीतलचे वडील रावसाहेब चोपणे, तालुक्याला शाळेचे गणवेश शिवायचं दुकान असलेले, गळ्यातली मोजपट्टी काढायची विसरून तसेच आलेले.

देवयानीने पाढ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. आवाज कापत होता, आणि प्रत्येक वाक्याला दिवा पिवळा. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "तुमचाच तुमच्या बोलण्यावर विश्वास दिसत नाही."

"मग हे बघा," देवयानी म्हणाली. तिने मांडीवर हात ठेवला. अंगठा पेरांवरून चालू लागला. "या दालनाला छत नाही. मी आत्ता नदीत उभी आहे. माझं वय नव्वद आहे."

दिवा हिरवागार.

दालनात कुजबुज झाली. अण्णांनी डोळे मिटून घेतले. क्षणभर देवयानीला वाटलं, आता तरी कळेल सगळ्यांना. पण कंपनीचे वकील शांतपणे उभे राहिले. साक्षीदार बाई पट्टीला सराईतपणे फसवतात हे त्यांनी स्वतःच सिद्ध केलं, म्हणाले. तेव्हा आज त्या सांगतात त्यातलं काहीच धरता येणार नाही. सहीच्या दिवशी त्यांना समजलं होतं, तर त्यांनी जाणूनबुजून सही केली; समजलं नव्हतं, तर फसवून केली. कंपनीने कायदेशीर दाखल्यावर विश्वास ठेवला, यापलीकडे कंपनीचा दोष काय? पट्टीची नवी आवृत्ती येतेच आहे, ती पाढ्यालाही दाद देणार नाही.

अध्यक्ष बाईंनी ते लिहून घेतलं. कामकाज थांबवायला त्या चष्मा काढत होत्या, तेवढ्यात रावसाहेब उभे राहिले. नियमात बसत नव्हतं, पण त्यांना खाली बसा म्हणायचा धीर कुणाला झाला नाही.

"बाई, मला पट्टीतलं काय कळत नाही," ते देवयानीला म्हणाले. "एकच सांगा. त्या यंत्रात खोट हाय, हे तुम्हाला म्हाईत होतं का नव्हतं?"

तिच्या वकिलाने मान नकारार्थी हलवून तिला खुणावलं. नाही, एवढं म्हटलं की निदान अर्धी शिक्षा टळणार होती. एकोणतीसचा पाढा जिभेच्या टोकावर तयार होता. पट्टी अजून कपाळाला होती.

"माहीत होतं," देवयानी म्हणाली. "त्या सकाळी मी स्वतः वाचलं. वीज आली-गेली की तो विसरतो, हे मला दिसलं होतं. दिसल्यावर मी सही केली."

दिवा हिरवा झाला.

त्याला आता काही किंमत नव्हती. वकील कागद आवरत होते, अध्यक्ष बाई घड्याळ बघत होत्या, आणि रावसाहेबांनी दिव्याकडे एकदाही बघितलं नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. मागच्या रांगेत अण्णा मात्र अर्धवट उठले होते. त्यांनी दिवा बघितला, आणि मग लेकीचा मांडीवरचा उजवा हात बघितला. अंगठा हलत नव्हता.

"बरं," रावसाहेब म्हणाले. गळ्यातली मोजपट्टी त्यांच्या हाताला लागली, ती त्यांनी काढली, नीट गुंडाळली आणि खिशात ठेवली. मग ते खाली बसले.